आवरलेला हात : मुलांच्या खुब्याच्या एका व्याधीचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या मनात गड, लढाया आणि तह उभे राहतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात यांपैकी काहीच नाही. त्याचे रणांगण मुठीत मावेल एवढे लहान आहे. आणि त्यातील पुष्कळसे पराभव शत्रूने केलेले नसून मदतीस धावून आलेल्यांच्या हातून झालेले आहेत. वाढत्या वयाच्या मुलांच्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा आपल्या जागेवरून सरकतो, त्या व्याधीच्या चिकित्सेचा हा इतिहास होय. तो आम्ही मुद्दाम निवडला याचे कारण असे की, त्याचा पहिला अध्याय आजही रुग्णालयात नव्हे, तर घरात आणि शाळेत लिहिला जातो. म्हणजे तो काही अंशी आपणां सर्वांच्या हाती आहे.

प्रथम रोग्यालाच आपल्यापुढे उभे करू. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे. अंगाने भरलेला, आणि उंची झपाट्याने वाढू लागलेली. दोन-तीन महिन्यांपासून तो गुडघा दुखतो म्हणतो. खेळून आला की किंचित लंगडतो. सकाळी बरे वाटते. आई गुडघ्याला तेल चोळते. वडील म्हणतात, "वाढीचे दुखणे आहे, जाईल." व्यायामाचे मास्तर म्हणतात, "अंगचोर आहे." कोणी गुडघ्याचा क्ष-किरण फोटो काढविलाच तर त्यात काही निघत नाही, आणि सगळे निर्धास्त होतात. मग एके दिवशी तो ओट्याची पायरी चुकतो, किंवा नुसता वळतो, आणि जो खाली बसतो तो उठत नाही. दुखणे गुडघ्यात कधी नव्हतेच. खुब्यातील संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा गुडघ्याकडेही जातात, म्हणून बिघाड वर आणि वेदना खाली असे घडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण या रोगाइतकी दुसऱ्या कोणास क्वचितच लागू पडेल.

आता बिघाड कोठे आहे तो पाहू. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. तो गोळा कमरेच्या हाडातील उखळीत बसतो आणि एका तिरप्या मानेने खालच्या दांड्याशी जोडलेला असतो. मोठ्या माणसात गोळा आणि मान हे एकच सलग हाड असते. मुलात तसे नसते. दोहोंच्या मध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यात नवे हाड तयार होते आणि मान लांबत जाते. वयात येण्याच्या सुमारास वाढ वेग घेते तेव्हा ही चकती जाड होते, तिचा उतार अधिक उभा होतो आणि तिची पकड सैल पडते. अशा वेळी शरीराचा भार तिच्यावर आडवा पडला म्हणजे, उतरंडीतील वरचे मडके खालच्यावरून कलावे, तसा गोळा मानेवरून कलतो. वास्तविक गोळा उखळीतच असतो. मान पुढे आणि वर सरकते आणि गोळा मागे राहिल्यासारखा दिसतो. बहुतेक मुलांत हे अगदी हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी घडते. काहींत मात्र एका क्षणात.

या व्याधीची जुनी नोंद फ्रान्समधील शस्त्रवैद्य आंब्रॉज पारे यांच्या १५७२ सालच्या ग्रंथात सापडते. पारे हे मूळचे न्हावी-शस्त्रवैद्य. विद्यापीठाच्या पंडितांसारखे लॅटिन त्यांस येत नव्हते, पण रणांगणावर जखमा बांधून त्यांची दृष्टी तयार झालेली होती. त्यांनी बजावले आहे की, मांडीच्या हाडाचा वरचा भाग कधी कधी आपल्या सांध्यापासून विलग होतो, आणि वैद्यास तो निखळलेला खुबा वाटून त्याची फसगत होते. क्ष-किरण नाहीत, शरीर उघडून पाहण्याची सोय नाही, अशा काळात केवळ हाताच्या स्पर्शाने हा भेद ओळखणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु पारे यांच्या या नोंदीवर पुढे तीन शतके कोणी फारसा मजला चढविला नाही.

दरम्यान दुसऱ्याच बाजूने थोडा प्रकाश पडला. हाड कोठून वाढते, हा प्रश्न इंग्लंडातील स्टीफन हेल्स नावाच्या एका धर्मोपदेशकास पडला. त्यांनी कोंबडीच्या वाढत्या पिलाच्या पायाच्या हाडास अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन छिद्रे पाडली आणि दोन महिन्यांनी पाहिले. हाड वाढले होते, पण छिद्रांतील अंतर तेवढेच राहिले होते. १७२७ साली हा प्रयोग त्यांनी प्रसिद्ध केला. हाड रबरासारखे सर्वत्र ताणून वाढत नाही, ते टोकांशी वाढते, हे त्यातून दिसले. मुलांच्या हाडांत टोकाजवळची चकती हा वाढीचा कारखाना आहे आणि नेमका तोच दुबळा सांधाही आहे, ही जाणीव येण्यास अशा प्रयोगांनी वाट करून दिली.

१८८८ साली जर्मनीत एर्न्स्ट म्युलर यांनी वाढत्या वयात मांडीच्या हाडाची मान वाकते, असे सांगणारा निबंध लिहिला. त्या काळी मुलाचा खुबा दुखू लागला की क्षयाचाच संशय प्रथम येई. ही व्याधी क्षयाहून निराळी आहे हे म्युलर यांनी दाखविले, ही त्यांची मोठी कामगिरी. परंतु मान वाकते की गोळा सरकतो, हे त्यांस दिसण्याचा मार्ग नव्हता. तो मार्ग सात वर्षांनी, १८९५ च्या नोव्हेंबरात, राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला तेव्हा खुला झाला. जिवंत मुलाच्या शरीरातील सरकलेला गोळा आता काचेवर उमटू लागला.

येथून आमच्या कथेचा दुःखद भाग सुरू होतो. जे वाकडे दिसले ते सरळ करावे, ही मनुष्याची सहजप्रवृत्ती आहे. काचेवर गोळा कललेला दिसतो, भूल देण्याची विद्या हाती आहे, आणि १८५१ साली डच लष्करातील शस्त्रवैद्य माथायसेन यांनी शोधलेल्या प्लॅस्टरच्या पट्ट्यांनी हाड हव्या त्या स्थितीत बांधून ठेवता येते. मग गोळा जागेवर का बसवू नये? विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन आणि त्यांच्या मार्गाने जाणारे शस्त्रवैद्य मुलास भूल देऊन पाय बाहेर ओढीत, आत वळवीत आणि छातीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घालीत. मूल महिनेच्या महिने त्या कवचात पडून राही. फोटो पुष्कळदा चांगला येई. आईबाप समाधानाने घरी जात. आणि वर्षा-दोन वर्षांनी तेच मूल परत येई, ते अधिक लंगडत. गोळा मरून चपटा झालेला असे, किंवा सांध्यातील गुळगुळीत कूर्चा नाहीशी होऊन खुबा आखडलेला असे. कूर्चेच्या या नाशाचे वर्णन स्वीडनचे हेनिंग वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३० साली केले.

गोळा का मरतो? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांत होसेप त्रुएता यांचे नाव अग्रभागी आहे. स्पेनमधील यादवी युद्धानंतर १९३९ साली बार्सिलोना सोडून ते इंग्लंडात आश्रयास आले आणि पुढे ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक झाले. वाढत्या वयात गोळ्यास रक्त कोणत्या वाटांनी पोहोचते, याचा शोध त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. वाढीची चकती शाबूत असते तोवर मानेतून तिच्यापलीकडे रक्तवाहिन्या सहसा जात नाहीत. गोळ्याचे पोषण मुख्यतः मानेच्या बाहेरून, भिंतीवर चढलेल्या वेलीप्रमाणे वर जाणाऱ्या काही बारीक वाहिन्यांवर अवलंबून असते. गोळा हळूहळू मागे सरकतो तेव्हा त्याही त्याच्याबरोबर आखूड होऊन जुळवून घेतात. त्यास एका झटक्यात पुढे ओढले की त्या ताणतात किंवा तुटतात. म्हणजे फोटो सुधारण्याच्या नादात गोळ्याचा प्राणच जात असे. उत्तम हेतूने केलेल्या उपचाराचे हे स्वरूप ध्यानात आले म्हणजे मन खिन्न होते. पण त्या शस्त्रवैद्यांस दोष देण्यात अर्थ नाही. वाहिनी त्यांना दिसत नव्हती, गोळा दिसत होता.

दुसरा मार्ग असा की, गोळा आहे तेथेच राहू द्यावा आणि तो आणखी सरकणार नाही एवढेच पाहावे. यासाठी प्लॅस्टरपेक्षा खात्रीचे साधन हवे होते. नॉर्वेत जन्मलेले आणि बॉस्टन येथे काम करणारे स्मिथ-पीटरसन यांनी वृद्धांच्या मोडलेल्या मानेसाठी तीन पात्यांचा पोलादी खिळा १९२५ साली वापरला आणि १९३१ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९३२ साली स्वीडनमध्ये स्वेन योहान्सन यांनी त्यात मोठी सोय केली. खिळा मधून पोकळ करून, आधी घातलेल्या बारीक तारेवरून तो सरकवीत नेण्याची युक्ती त्यांची. तार योग्य जागी आहे हे फोटोवरून पाहावयाचे आणि मग खिळा ठोकावयाचा. लवकरच हा खिळा मुलांच्या सरकलेल्या गोळ्यासाठीही वापरात आला. परंतु वृद्धाचे हाड भुसभुशीत, तर मुलाचे टणक. हातोड्याच्या घावाने खिळा गोळ्यात शिरण्याऐवजी कधी कधी गोळ्यासच पुढे ढकली. मग जाड खिळ्याऐवजी तीन-चार बारीक सळया घालण्याची पद्धत आली.

तिच्यातही एक फसवणूक दडलेली होती. नारळात सुई खुपसून भिंतीवर त्याची सावली पाहा. सुईचे टोक पुढच्या अंगाने बाहेर आलेले असले तरी सावलीत ते नारळाच्या आतच दिसते. क्ष-किरणांचा फोटो ही अशीच सावली होय. शस्त्रवैद्यास वाटे, सळई गोळ्यात आहे. प्रत्यक्षात तिचे टोक सांध्यात निघून उखळीची कूर्चा खरवडीत असे. १९८० साली वॉल्टर्स आणि सायमन यांनी भूमितीच्या आधारे हे दाखवून दिले, आणि सांधा आखडण्याच्या अनेक प्रसंगांचा उलगडा झाला. तेव्हापासून सळयांची संख्या कमी होत गेली. मध्ये पोकळ असलेला एकच जाड स्क्रू, पडद्यावर चालते चित्र दाखविणाऱ्या क्ष-किरण यंत्राखाली, गोळ्याच्या बरोबर मध्यभागी, चकतीला काटकोनात घालावयाचा ही रीत रूढ झाली. गोळा मागे गेलेला असल्यामुळे स्क्रू मानेच्या पुढच्या अंगाने घालावा लागतो. कातडीवर बोटाच्या पेराएवढा छेद पुरतो. चकती पुढे हाडात मिसळून जाते आणि सरकणे कायमचे थांबते. तेथील वाढ थांबली तरी पाय फारसा आखूड होत नाही, कारण मांडीच्या हाडाची बरीचशी वाढ गुडघ्याकडील टोकाशी होत असते.

पण वाकडे आहे ते वाकडेच ठेवणे खरोखर हिताचे काय? याचा निवाडा तर्काने होण्यासारखा नव्हता. त्यासाठी दप्तर लागते. पेशवे दप्तरातील रुमाल सोडल्यावाचून जसा खरा इतिहास कळत नाही, तसेच येथे झाले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात जुन्या रोग्यांची टिपणे काळजीपूर्वक जपलेली होती. त्यांच्या आधारे कार्नी, वाइनस्टाइन आणि नोबल यांनी १२४ रोग्यांच्या १५५ खुब्यांची पुढची हकीकत शोधली. हा पाठपुरावा सरासरी ४१ वर्षांचा होता. मुलगा म्हणून उपचार घेतलेले रोगी आता प्रौढ झालेले होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, सरकण्याचे प्रमाण कमी असो वा अधिक, आहे त्या जागी खिळवून ठेवल्याने खुबा अधिक काळ टिकतो आणि अपाय सर्वांत कमी होतो. गोळा बळाने जागेवर आणण्याचा खटाटोप बहुधा अंगलट येतो. सुमारे ८० वर्षांच्या वादास या एका निबंधाने वजन प्राप्त करून दिले.

दोनच वर्षांनी, १९९३ साली, लोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधाच प्रश्न विचारला : मूल कुबड्यांच्या आधाराने का होईना, चालू शकते काय? जे चालू शकते त्याचा गोळा स्थिर. जे मुळीच चालू शकत नाही त्याचा अस्थिर. त्यांनी ५५ खुबे तपासले. २५ स्थिर खुब्यांपैकी एकाचाही गोळा मेला नाही. ३० अस्थिर खुब्यांपैकी १४ मेले. महागड्या यंत्रावाचून, दारातून येणाऱ्या मुलाकडे पाहूनच, भविष्याचा एवढा अंदाज बांधता यावा ही वैद्यकाच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गोळा फारच सरकला असेल तर मानेच्या पुढच्या अंगास उंचवटा राहतो; पाय दुमडताना तो उखळीच्या काठावर घासतो आणि तरुणपणीच सांधा झिजू लागतो. म्हणून काही शस्त्रवैद्यांनी वाहिन्यांपासून दूर, मांडीच्या हाडात खाली छेद घेऊन पायाची दिशा सुधारण्याचा मार्ग काढला. जर्मनीचे इम्हॉयझर यांनी १९५७ साली आणि अमेरिकेचे साउथविक यांनी १९६७ साली वर्णिलेल्या शस्त्रक्रिया या प्रकारच्या आहेत. इंग्लंडचे डन यांनी १९६४ साली निराळीच कल्पना मांडली. मान थोडी आखूड करून, वाहिन्यांवर ताण न पडू देता गोळा वर बसवावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे स्वित्झर्लंडच्या बर्न शहरी राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाहिन्यांचा मार्ग काटेकोरपणे आखला आणि २००१ साली गोळ्याचे रक्त राखून खुबा उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या साह्याने आज निवडक आणि गंभीर प्रसंगी डन यांची शस्त्रक्रिया सुधारलेल्या रूपात करतात. ती अवघड आहे, आणि निष्णात हातांतही तीत गोळा मरण्याचा धोका अजिबात गेलेला नाही. येथेही धडा तोच आहे. गोळ्यास हात लावण्याचा अधिकार वाहिनी ओळखणाऱ्यास आहे.

ही व्याधी होते कशाने? मुलाचे जादा वजन हे तिचे सर्वांत ठळक कारण म्हणून सांगितले जाते. डब्लू. आर. हॅरिस यांनी १९५० साली उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले की, वाढीचा अंतःस्राव चकतीची पकड सैल करतो आणि लैंगिक अंतःस्राव ती घट्ट करतो. वयात येण्याच्या ऐन संधिकाळीच हा रोग का गाठतो, याचा काहीसा उमज त्यावरून पडतो. थायरॉइड ग्रंथी मंद असल्यासही धोका वाढतो. म्हणून दहा वर्षांच्या आतील किंवा सोळा वर्षांच्या पुढील रोग्याची ती तपासणी करतात. आपल्या देशापुरती एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेल्लोर येथील शस्त्रवैद्यांनी २०१३ साली १५ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. तीत हा रोग आणि ड जीवनसत्त्वाची उणीव ही दोन्ही एकत्र आढळली. उन्हाच्या देशात उन्हाचे जीवनसत्त्व कमी पडावे, हा आपल्या राहणीवरचा शेराच म्हणावा लागेल.

सुमारे साडेचारशे वर्षांच्या या कथेतून आम्हांस जे तात्पर्य दिसते ते असे. या व्याधीत दोन चुका पुनःपुन्हा झाल्या. डोळा उशिरा उघडला आणि हात उतावीळ झाला. हात आवरण्याचा धडा शस्त्रवैद्यांनी मोठी किंमत देऊन शिकून घेतला आहे. डोळा वेळीच उघडण्याचा धडा मात्र अजून पुरता शिकून झालेला नाही, आणि तो त्यांनी एकट्यांनी शिकून भागण्यासारखाही नाही. गोळा थोडा सरकलेला असताना मूल हाती लागले तर एका स्क्रूने काम भागते. तीन महिने तेल चोळण्यात गेले तर हीच शस्त्रक्रिया मोठी होते आणि फळ लहान. वर सांगितलेल्या ३० अस्थिर खुब्यांचे आकडे आठवावेत. अशा अनेक मुलांचे पाय त्याआधी काही आठवडे दुखतच असतात.

म्हणून आमची विनंती एवढीच. दहा ते सोळा वर्षांचे मूल लंगडू लागले आणि मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणू लागले, तर केवळ गुडघ्यावर थांबू नये, खुबाही तपासून घ्यावा. त्यास उताणे निजवून दुखरा पाय हलकेच दुमडला असता गुडघा सरळ छातीकडे न येता बाहेर वळत असेल, तर संशय दृढ धरावा. फोटो दोन्ही खुब्यांचा आणि दोन बाजूंनी काढवावा. कारण गोळा आधी मागे सरकतो आणि समोरच्या फोटोत ते निसटून जाते. पुष्कळ मुलांत पुढे दुसरी बाजूही सरकते, म्हणून एका पायाचे काम झाले तरी दुसऱ्यावरची नजर काढू नये. आणि संशय आल्या क्षणापासून मुलास चालवू नये. पाय ओढू नये, वळवू नये, चोळू नये, कोणा हाडवैद्याकडून बसवून घेऊ नये. त्यास उचलून त्याच दिवशी अस्थितज्ज्ञाकडे न्यावे.

आपल्या मैदानावर सर्वांच्या मागे राहणारा तो मुलगा अंगचोर असेलही. पण त्यास तसे म्हणण्यापूर्वी त्याची चाल एकदा निरखून पाहावी, एवढे या इतिहासाचे आपणांकडे मागणे आहे.